छकडी, टायरगाडी आणि माझी येळवस

माझ्या नवऱ्याला आणि माझ्या थोरल्या भावाला एकमेकांबद्दल माया होती, पण ती त्यांनी समोरासमोर कधी दाखवली नाही. समोरासमोर आले की वाद. तोही एकच, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ऐकून ऐकून मला पाठ झालेला. खरा गाडीवान कुणाला म्हणायचं?

नवरा शर्यतीची छकडी हाकायचा. छकडी म्हणजे दोन चाकं, त्यांना जोडणारा आख, पुढे दांडी आणि वर पाय रोवायला हातभर फळी. दोन माणसांनी उचलून गोठ्यात नेऊन ठेवावी, इतकी हलकी. तिला जुंपायची खिलारी जोडी मात्र अशी तापट की वाऱ्यानं पाचोळा हलला तरी कान टवकारायची. भाऊ उसाची टायरगाडी हाकायचा. आमच्याकडे सहकारी साखर कारखाना तेव्हा नुकता सुरू झालेला, आणि ज्याच्या विहिरीला जरा पाणी त्याच्या वावरात ऊस. रबरी टायरच्या गाडीवर दोन टन मोळ्या रचून, थंड डोक्याच्या देवणी बैलांना जुंपून भाऊ कारखान्याला जायचा आणि तिथल्या रांगेत दोन-दोन दिवस काढायचा. माझं सासर जळकोटच्या बाजूला आणि माहेर तिथून दोन कोसांवर, त्यामुळे या दोघांची गाठ आठवड्यातून एकदा तरी पडायचीच. पडली नसती तर मी जास्त सुखी झाले असते.

त्या वादात मी कधी तोंड घातलं नाही. घातलं असतं तर घालण्यासारखं माझ्याकडे होतं. मोठ्या दुष्काळात भाऊ सडकेच्या कामावर खडी फोडायला गेला, वडिलांचा गुडघा धरलेला, आणि गावातली विहीर तळाला गेलेली. तेव्हा दोन उन्हाळे पाण्याची गाडी मी हाकली. दीड कोसावरच्या मळ्यातून लोखंडी पिंप भरून आणायचं. पिंपाला झाकण नव्हतं. पाणी हिंदकळू नये म्हणून वर निंबाचा डहाळा टाकायचा आणि बैलांशी बोलत बोलत, खाचखळगे चुकवत घरी यायचं. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "सासरी हे बोलू नगं बाई. पोरगी गाडी हाकती म्हटल्यावर लोक आमालाच नावं ठेवत्याल." म्हणून मी गप्प होते. पाच वर्षं माझ्यासारख्या तोंडाळ बाईनं एक गोष्ट पोटात ठेवली, यावर माझ्या ओळखीचं कुणी आजही विश्वास ठेवत नाही.

त्या वर्षी मला माहेरी जायचं होतं, आणि तेही येळवसेला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षाची. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा उरत नाही, सगळा गाव वावरात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मी पुजायची, आणि मग पालेभाज्या-दाण्यांची एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि मडकंभर आंबील. हे सगळं करायला घरची बाई लागते. आई जाऊन वर्ष झालं होतं. वहिनी पहिल्या बाळंतपणाला तिच्या आईकडे. वडिलांच्या वावरात ज्वारी त्या साली खांद्याला लागलेली, आणि कोपीत पूजा करायला कुणी नाही. त्यांनी निरोप धाडला होता, "पोरीला एवढ्या येळवसेला धाडा."

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या कर्नाटकाच्या हद्दीकडच्या. माणसांशी मराठीत बोलायच्या आणि बैलांशी कानडीत, आणि बैलांचं नशीब थोर, कारण कानडीत त्या जास्त गोड बोलायच्या. त्यांनी निरोप ऐकला आणि म्हणाल्या, "सून वावरात न्हाय तर लक्ष्मी कुणी पुजायची? आन् मुराळी आल्याबिगर लेक माहेरी जात न्हाय, पोचवणारा न्हाय तर परत येत न्हाय. रीत हाय ती." मुराळी म्हणजे लेकीला न्यायला येणारा भाऊ. माझा भाऊ यायला तयार होता, पण नवऱ्यानं हो म्हटल्याशिवाय काही नाही, आणि आईच्या शब्दापुढे नवऱ्याची जीभ उचलायची नाही.

अशात अणदूरला खंडोबाची जत्रा आली. पलीकडच्या माळावर गाड्या पळाल्या आणि नवऱ्याची छकडी पहिली आली. जत्रेत परतला तेव्हा अंगावर गुलाल, डोक्यावर फेटा, पाय जमिनीला लागेनात. भाऊ रिकामी गाडी घेऊन कारखान्यावरून परतत होता, तो तिथं थांबला. मला वाटलं, आता हे खुशीत आहेत, भाऊ गोडीनं विषय काढेल आणि माझं काम होईल. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"दाजी, आलात म्हणा पहिलं," भाऊ म्हणाला. "पर पळत्यात ते बैल. तुमी निस्तं पडायचं न्हाय, एवढंच काम."

"आन् तुमचं काय वो पाव्हणं?" नवरा म्हणाला. "तुमी तर उसावर आडवं होऊन घोरता. बैलांला कारखान्याची वाट पाठ. उद्या तुमच्या जागी बुजगावणं बसिवलं तरी ऊस काट्यावर जाईल."

दोघंही खरं बोलत होते, म्हणून दोघांनाही झोंबलं.

इतक्या वर्षांनी मला विचाराल तर सांगते, दोघांची कला वेगळीच होती. छकडीवाल्याची चूक डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळ्या माळाला दिसते. शेजारच्या गाडीच्या चाकाला चाक लागलं की दोघंही भुईवर. त्याला हिंमत लागते, आणि पुढच्या दहा पावलांत बैल काय करणार हे आधीच कळावं लागतं. उसाच्या गाडीवाल्याची चूक गाडी भरतानाच होते आणि तीन कोसांवरच्या चढाला समजते. मोळ्या मागे जास्त पडल्या की चढावर जू वर उचलतं आणि बैलांच्या नरड्याला फास बसतो. कारखान्याच्या रांगेत तर चाकाला चाक घासल्याशिवाय पुढं सरकताच येत नाही. एकाचं काम दोन मिनिटांचं आणि दुसऱ्याचं दोन दिवसांचं. आता यात थोर कोण हे ठरवायचं म्हणजे सुगरण कोण, भाकरीवाली की पुरणपोळीवाली, असं विचारण्यासारखं. पण पुरुषांना काहीतरी ठरवल्याशिवाय जेवण जात नाही.

आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन तिथंच उभे होते. त्या काळी सहकार लोकांच्या अंगात इतका भिनला होता की घरातल्या म्हशीचं नाव ठेवायलासुद्धा सूचक आणि अनुमोदक लागायचा. चेअरमननी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ठराव मांडला. दोघांनी गाड्या बदलायच्या. भावानं छकडी पळवायची आणि नवऱ्यानं उसानं भरलेली टायरगाडी ओढ्यातून पलीकडे सडकेला काढून द्यायची. ज्याला जमलं तो गाडीवान.

"आन् बैल?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं. "त्येंला इच्यारलं का?"

"बैल सभासद न्हाईत," चेअरमन म्हणाले, आणि हात वर झाले. ठराव मंजूर.

मग पैज काय लावायची यावर बोलणं आलं. भाऊ म्हणाला, "म्या जिंकलो तर येळवसेला बहिणीला नेणार." नवरा गुलालातच होता. म्हणाला, "म्या जिंकलो तर ती आमच्याच वावरात ऱ्हाईल, आन् फुडं इषय काढायचा न्हाय."

मी बांगड्यांच्या दुकानापाशी उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बांगडीवालीच्या हातातून हात सोडवला आणि पुढं जाऊन म्हटलं, "मी काय सोसायटीतलं पेंडीचं पोतं हाय व्हय, ज्याच्या नावानं निघंल त्येनं उचलायला?"

चेअरमन अगदी नरमाईनं म्हणाले, "वैनी, ठराव झाला. आता रद्द करायचा तर फुडच्या सभेत."

पुढची सभा येळवसेनंतर होती.

येळवसेला चार दिवस असताना आमच्याच गावी सामना ठरला. सकाळी छकडी, दुपारी ऊस. बायकांनी माळावर जायचं नाही, म्हणून मी दारात बसून ज्वारी पाखडत होते. माळाच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला, मग धुरळा दिसला, आणि त्या धुरळ्यातून आमची छकडी सरळ आमच्याच अंगणात शिरली. खिलारी जोडी गव्हाणीला तोंड लावून उभी राहिली. फळीवर माझा भाऊ. पटका कुठंतरी पडलेला, मिशा धुरळ्यानं पांढऱ्या, दोन्ही हातांत कासरा गच्च, आणि डोळे मिटलेले.

"थांबत न्हाईत गं!" तो ओरडला.

"थांबलेत की," मी म्हटलं.

"व्हय?" त्यानं एक डोळा उघडला. गव्हाण बघितली, मला बघितलं. "बाई, पाणी दे."

झालं होतं असं, की शर्यतीच्या बैलांना कासरा ताणला की पळायचं आणि ढिला सोडला की थांबायचं, असंच शिकवलेलं असतं. उसाच्या बैलांचं बरोबर उलटं. त्यांना कासरा ओढला की थांबायचं आणि सैल सोडला की आपल्या चालीनं निघायचं. भावानं रेषा तर ओलांडली होती, म्हणे नवऱ्यापेक्षाही लवकर. पण थांबवायला म्हणून जितका कासरा ओढला तितके बैल जोरात पळाले. हे इतकं साधं गणित दोघांपैकी एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. विचारलंच नाही, तर सांगणार कोण? आणि विचारणं म्हणजे हार.

मी भावाला ते तिथंच समजावून सांगू शकले असते. नवऱ्याला दुपारच्या आत सांगू शकले असते. सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला दोघांचाही राग आला होता, आणि हसूही येत होतं.

दुपारी मात्र मी घरात बसले नाही. आत्याबाईही निघाल्या. ओढ्याला सगळा गाव जमला होता. पाणी चाकाच्या निम्म्याला, तळाला रेती, आणि पलीकडे चढ. नवरा उसाच्या मोळ्यांवर असा उभा, जसा काही माळावरच आहे. गाडी ओढ्यात उतरेपर्यंत ठीक चालली, उताराला कोण चालवत नाही? मधोमध आल्यावर त्यानं सवयीनं कासरा ताणला आणि आरोळी ठोकली. देवणी बैल शहाण्यासारखे जागच्या जागी थांबले. त्यानं आणखी ताणला. बैल एक पाऊल मागं सरले. मग त्यानं चाबूक वाजवला, आणि ज्या बैलांवर माझ्या भावानं कधी काठी उचलली नव्हती, त्यांतला डावा बैल सरळ पाण्यात बसला.

काठावरून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे शेपूट पिळा, कुणी म्हणे ऊस उतरवा. नवरा म्हणाला, "टायरात हवा कमी हाय." नाचता येईना अंगण वाकडं. भाऊ पाण्यात उतरायला लागला तर चेअरमननी त्याचा दंड धरला. "ठरावात मदत न्हाय." इकडे चाक रेतीत बसत चाललं होतं आणि मागच्या मोळ्या सरकत होत्या. बसलेल्या बैलाच्या मानेवर जू तिरकं झालं होतं, डोळे पांढरे झाले होते. त्या मुक्या जनावराकडे बघून माझं डोकं फिरलं. येळवस गेली खड्ड्यात, मला तेव्हा फक्त तो बैल दिसत होता.

मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले.

"उतरा खाली," मी नवऱ्याला म्हटलं. चारचौघांत त्यांच्याशी असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी कासरा माझ्या हातात दिला, आणि का दिला हे त्यांनाही कळलं नसावं.

मी कासरा सैल सोडला. बसलेल्या बैलाच्या कानामागं खाजवलं, त्याच्याशी काहीबाही बोलले, त्याचा दम परत येऊ दिला. घाई कशाची, ओढा कुठं पळून जात होता? तो आपणहून उठला. मग सरळ न ओढता दोघांना एक पाऊल डावीकडे घेतलं, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चाकाभोवतीची रेती हलली. पिंपाची गाडी रुतली की मी हेच करायची. मग दांडीवर चढून अंगाचा भार पुढं टाकला, आणि जिभेनं टक् केलं. गाडी कुरकुरली, हलली, तिरक्या वाटेनं चढ चढून सडकेला लागली. एक मोळी पडली, ती मी मोजत नाही.

टाळ्या वगैरे काही झालं नाही.  नवरा गुडघाभर पाण्यात उभा होता.

"तुला कुणी शिकिवलं?" त्यांनी विचारलं.

"दुष्काळानं," मी म्हटलं, आणि मग तिथंच उभी राहून सगळं सांगितलं. पिंप, डहाळा, दीड कोस, आईनं दिलेली ताकीद. भावानं मान खाली घातली. चेअरमननी डोकं खाजवलं. म्हणाले, "हे ठरावात बसत न्हाय."

आत्याबाई पाठ फिरवून घराकडे चालू लागल्या. मग मात्र मला भीती वाटायला लागली. पाच वर्षं लपवलेली गोष्ट मी गावासमोर ओढ्यात उघडी केली होती. येळवस तर गेलीच, वर जन्माची बोलणी. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. नवरा आणि भाऊ पैज विसरून ओसरीवर बसून पुन्हा कुरकुरत होते. एक म्हणतो मी पोचवतो, दुसरा म्हणतो मी न्यायला येतो. आत्याबाई आतून ओरडल्या, "कुणी न्यायचं न्हाय आन् कुणी पोचवायचं न्हाय. येळवसेला सकाळी हितली लक्ष्मी पुजंल, मग जाईल. ती हाकती न्हवं? म्या जाते संगं."

माझ्या हातातली भाकरी तव्याच्या बाहेर पडली. आनंदानं.

येळवसेच्या दिवशी मी पहाटेपासून राबले. आमच्या कोपीतली पूजा केली, सगळ्यांना वाढलं, आणि नवऱ्यानं स्वतः घरची साधी गाडी जुंपून दिली. जू दोनदा तपासलं. "कासरा सैलच ठिव," असं मलाच सांगितलं. मी हो म्हटलं. नवऱ्याला काहीतरी सांगितल्याचं समाधान द्यावं माणसानं. आत्याबाई मांडीत आंबिलीचं मडकं धरून मागे बसल्या.

भाऊ उसाची गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत अडकलेला, म्हणून वडिलांनी एकट्यानं कोप बांधली होती. पांडवांना चुना लावला होता. मेथी, हरभऱ्याचा पाला, वाटाणे, तूर असं सगळं चुलीपाशी ढीग घालून, त्याचं पुढं काय करतात ते न कळून बांधावर बसले होते. गाडी बघून उठले. गाडीत दोन बाया आणि कासरा लेकीच्या हातात. त्यांनी आमच्या मागच्या वाटेकडे बघितलं.

"मुराळी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय आणला," आत्याबाई म्हणाल्या. "लागला न्हाय."

वडिलांना बघून मला रडू आलं आणि त्याच वेळी सपाटून भूकही लागली. मी तीन दगडांची चूल पेटवली, भज्जी रटरटायला ठेवली, आईच्या जागी बसून पूजा केली. वडील ज्वारीत आंबील शिंपडत फिरले. जेवताना त्यांनी मान वर केली नाही, पण तीन वेळा भज्जी मागून घेतली. आत्याबाई त्यांना आग्रह करून वाढत होत्या. मला माझ्या सासूचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

निघालो तेव्हा दिवस अजून चांगला वर होता. वाटेत एक फाटा लागतो. उजवीकडे आमचं गाव, डावीकडे हद्दीपलीकडची कानडी गावं. फाट्यावर आल्यावर आत्याबाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कासरा ओढला.

"हितनं माजं माहेर दीड कोस," त्या म्हणाल्या.

मला हे ठाऊकच नव्हतं. पाच वर्षांत त्या कधी माहेरी गेल्याचं मी पाहिलं नव्हतं, आणि का जात नाहीत हे विचारलंही नव्हतं. तापट बाई, आपल्याच संसारात रमलेली, असं धरून चालले होते.

"भाऊ गेला त्याला अठरा सालं झाली," त्या म्हणाल्या. "भाचे हायत, पर त्येंला कुठली याद. मुराळी आला न्हाय, म्हून गेले न्हाय. रीत हाय ना."  मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फुडच्या येळवसेला तू व्हशील का गं माजी मुराळी?"

  मी वळून त्यांच्या मांडीवरच्या मडक्यात डोकावले. मग म्हटलं, "फुडच्या कशाला, आत्याबाई? मडक्यात आंबील हाय अजून."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढं सरकून माझ्या शेजारी बसल्या, आणि मी कासरा सैल सोडून बैल डावीकडे वळवले.